मागितली तेव्हा नाकारलेली भाषा

१२ डिसेंबर १८८८ रोजी फिलिपिन्सचा स्पॅनिश गव्हर्नर-जनरल व्हालेरिआनो वेलर बुलाकान प्रांतातील मालोलोस या गावी आला असताना वीस तरुणींनी त्याच्या हाती एक अर्ज दिला. अर्ज स्पॅनिशमध्ये होता आणि मागणीही स्पॅनिशचीच होती. दिवसभराचे घरकाम आटोपल्यावर आम्हांला रात्री ही भाषा शिकता यावी, यासाठी शाळा काढण्याची परवानगी द्यावी, इतकेच त्यांचे म्हणणे होते. या तरुणी बहुतांशी सधन, चिनी-फिलिपिनो मिश्र घराण्यांतील होत्या. अर्जाचा मजकूर तेओदोरो सांदिको या तरुणाने लिहून दिला होता, आणि त्यात नवल नव्हते, कारण राज्यकर्त्याशी त्याच्या भाषेत बोलण्यासाठी मध्यस्थ लागतो हीच तर त्यांची अडचण होती. गावच्या चर्चचा धर्मगुरू फेलिपे गार्सिया याने विरोध केला आणि परवानगी अडली. मुलींनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर १८८९ च्या फेब्रुवारीत शाळा मंजूर झाली, परंतु खर्च मुलींनी स्वतः करावा, वर्ग रात्री न भरता दिवसा भरावेत आणि शिकवण्यासाठी ग्वादालुपे रेयेस या शिक्षिका असाव्यात, अशा अटी होत्या. ही शाळा जेमतेम तीन महिने चालली.

त्याच महिन्याच्या २२ तारखेला लंडनमध्ये राहणाऱ्या होसे रिझाल या फिलिपिनो लेखकाने या तरुणींना अभिनंदनाचे दीर्घ पत्र लिहिले. ज्याच्या दोन्ही कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये आहेत, ज्याने मृत्युदंडापूर्वीची शेवटची कविताही स्पॅनिशमध्येच लिहिली, त्या रिझालने स्पॅनिश शिकू पाहणाऱ्या या मुलींना लिहिताना मात्र टागालोग ही तिथली स्थानिक भाषा वापरली. पत्रात व्याकरणाविषयी काहीच नाही. धर्मगुरू सांगतील ते डोळे मिटून मानू नका, स्वतःच्या बुद्धीने विचार करा आणि मुलांनाही तसेच वाढवा, हा त्याचा आशय आहे. मुलींना भाषा कशासाठी हवी होती हे रिझालला नेमके कळले होते, आणि माझ्या मते ते त्या धर्मगुरूलाही तितकेच नेमके कळले होते.

मी स्पॅनिश पुण्यात शिकले, ते स्वतःच्या हौसेने आणि फी भरून. पुढे कामानिमित्त मनिलात राहण्याची वेळ आली, तेव्हा स्पेनने तीनशेहून अधिक वर्षे राज्य केलेल्या देशात ही भाषा उपयोगी पडेल अशी माझी भाबडी समजूत होती. तिथे रस्त्यांची नावे, लोकांची आडनावे आणि बाजारातले भाव स्पॅनिश वळणाचे निघाले, पण स्पॅनिश बोलणारे माणूस शोधावे लागले. वयाने मोठे असलेले सहकारी मात्र विषय निघताच हसून सांगत, की आम्हांला कॉलेजात स्पॅनिशची सक्ती होती. इतकी वर्षे शिकूनही काही आले नाही, ही तक्रार ते अभिमानाने करतात की खंतीने, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही. त्या तक्रारीमागे जो इतिहास आहे तो मी सवडीने वाचत गेले आणि एक गोष्ट वारंवार समोर येत राहिली. या देशातल्या लोकांनी ज्या काळात ही भाषा मागितली त्या काळात शाळेने ती दिली नाही, आणि शाळेने ती कायद्याने पुढ्यात ठेवली तोवर घेणाऱ्यांना तिची गरज उरली नव्हती.

हा खेळ फार जुना आहे. १५६५ मध्ये स्पॅनिश मोहिमेचा नेता लेगाझ्पी याने सेबू बेटावर तळ ठोकला आणि १५७१ मध्ये मनिला ही वसाहतीची राजधानी झाली. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १५८२ च्या मनिला धर्मसभेत, ख्रिस्ती धर्माचा प्रसार स्थानिक भाषांतून करावा असे ठरले. त्यामागे व्यवहाराचे कारण होते, कारण हजारो बेटांवर पसरलेल्या लोकसंख्येपुढे स्पॅनिश माणसे मूठभर होती आणि सगळ्यांना स्पॅनिश शिकवण्यापेक्षा काही शे धर्मगुरूंनी टागालोग, विसाया, इलोकानो शिकणे सोपे होते. १५९३ मध्ये छापलेली प्रश्नोपदेशाची, म्हणजे ख्रिस्ती धर्मतत्त्वे शिकवणारी, पहिली पोथी स्पॅनिश आणि टागालोग या दोन्ही भाषांत होती आणि तिच्यातली टागालोग रोमन लिपीबरोबरच तिथल्या जुन्या बायबायिन लिपीतही छापली होती. धर्मगुरूंनी स्थानिक भाषांची व्याकरणे लिहिली, शब्दकोश रचले, आणि हे काम उत्तम केले, याबद्दल दुमत नाही. परंतु गावात दोन्ही भाषा जाणणारा एकमेव माणूस आपण आहोत, सरकारचा हुकूम आपल्याच तोंडून गावाला कळतो आणि गावाचे गाऱ्हाणे आपल्याच तोंडून सरकारला कळते, या स्थितीची चटकही त्यांना लागली. माद्रिदहून राजाज्ञा निघत की रयतेला स्पॅनिश शिकवा, आणि त्या आज्ञा मनिलाच्या बंदरात उतरून कागदावरच राहत.

याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला काय झाले, हे इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल आणि स्पेन यांचा राजा एकच होता, म्हणजे गोवा आणि मनिला एकाच मुकुटाखाली होते. पुढे मुकुट वेगळे झाले, आणि गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी आणि कोंकणी सोडावी. फिलिपिन्समध्ये धर्मगुरूंनी राज्यकर्त्याची भाषा लोकांपासून दूर ठेवली आणि गोव्यात तेच काम उलट्या दिशेने करून लोकांची भाषा त्यांच्यापासून तोडू पाहिली. यातले कोणते अधिक वाईट, याचा निवाडा मला करता येत नाही, मात्र दोन्हीकडे शिकणाऱ्याला काय हवे हे कोणी विचारले नव्हते.

तोमास पिनपिन या टागालोग मुद्रकाने मात्र ते न विचारताच ओळखले होते. १६१० मध्ये बाताआन येथील डॉमिनिकन छापखान्यातून त्याने टागालोग लोकांना स्पॅनिश शिकवणारे पुस्तक काढले, आणि फिलिपिनो माणसाने लिहून छापलेल्या पुस्तकांत हे अगदी आरंभीचे मानतात. त्यात धडे आहेत, शब्दांच्या याद्या आहेत, आणि पाठांतर सोपे जावे म्हणून एक ओळ टागालोग व तिच्याच अर्थाची पुढची स्पॅनिश अशी गाणी आहेत. प्रस्तावनेतला त्याचा युक्तिवाद मोठा चतुर आहे. तुम्ही स्पॅनिश लोकांसारखे कपडे घालता, त्यांची शस्त्रे बाळगता, त्यांच्या रीती उचलता, मग हे सगळे ज्यातून येते ती भाषाच तेवढी का सोडता, असे तो वाचकाला विचारतो. शाळा नसलेल्या काळातले हे स्वयंशिक्षणाचे पुस्तक आहे, आणि त्यानंतर सरकारी शाळा यायला अडीचशे वर्षे लागली.

ती आली २० डिसेंबर १८६३ च्या राजाज्ञेने. राणी इसाबेल दुसरी हिच्या नावाने निघालेल्या या आज्ञेनुसार प्रत्येक गावी मुलांसाठी किमान एक आणि मुलींसाठी किमान एक प्राथमिक शाळा काढायची होती. शिक्षणाचे माध्यम स्पॅनिश ठरले आणि शिक्षक घडवण्यासाठी मनिलात जेझुइटांच्या हाती अध्यापक विद्यालय सोपवले गेले, ते १८६५ मध्ये सुरू झाले. कागदावर पाहिले तर आशियातील वसाहतींत अशी सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना त्या काळी दुर्मीळच म्हटली पाहिजे. आज्ञेत आमिष होते तसा धाकही होता. गावात शाळा सुरू होऊन पंधरा वर्षे लोटल्यावर ज्याला स्पॅनिश बोलता, वाचता, लिहिता येत नाही त्याला, वारसाहक्क असल्याखेरीज, गावच्या मानकऱ्यांच्या वर्गात प्रवेश मिळणार नव्हता, आणि तीस वर्षांनंतर वेठीच्या कामातून मिळणारी सूटही भाषा जाणणाऱ्यांपुरतीच राहणार होती.

योजनेतली मेख एकाच कलमात होती. शाळेचा स्थानिक तपासनीस म्हणून गावच्या धर्मगुरूलाच नेमले होते. ज्याने तीन शतके ही भाषा गावाबाहेर ठेवली, त्याच्याच हाती आता तिची किल्ली दिली गेली. शिक्षकाच्या वर्तणुकीचा दाखला तो देणार, वर्गात काय शिकवले जाते ते तो पाहणार, आणि मुलांनी प्रश्नोपदेश पाठ केला की शाळा उत्तम चालली असा शेराही तोच मारणार. अध्यापक विद्यालयातून उमेदीने बाहेर पडलेले तरुण शिक्षक गावोगावी गेले, तेव्हा चर्चच्या आवारातल्या एखाद्या खोलीत, पुस्तकांविना, पोपटासारखी स्पॅनिश पाने म्हणणाऱ्या आणि त्यातले अवाक्षरही न कळणाऱ्या मुलांसमोर ते उभे राहिले.

रिझालच्या १८८७ च्या पहिल्या कादंबरीत असा एक शिक्षक येतो. त्याने मुलांना थोडी थोडी बोलती स्पॅनिश शिकवायला घेतली, तेव्हा पाद्रे दामासो त्याला झापतो की उसने कपडे घालून माझ्यापुढे येऊ नकोस, स्वतःच्या भाषेत बोल, स्पॅनिश तुमच्यासाठी नाही. पिनपिनने १६१० मध्ये वाचकाला कपड्यांचाच दाखला देऊन भाषा घ्यायला सांगितले होते, आणि पावणेतीनशे वर्षांनी रिझालचा धर्मगुरू कपड्यांचाच दाखला देऊन ती काढून ठेवायला सांगतो. रिझालने पिनपिनची प्रस्तावना डोळ्यांपुढे ठेवूनच हे लिहिले असेल असे मी म्हणणार नाही, पण दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून वाचली की मधली सारी शतके दिसतात. १८९१ च्या दुसऱ्या कादंबरीत तर विद्यार्थ्यांची एक टोळीच स्पॅनिश शिकवणारी अकादमी काढण्याची परवानगी मागत फिरते. अखेर अकादमीला मंजुरी मिळते, मात्र तिचा कारभार धर्मगुरूंच्या हाती जातो आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याला वर्गणी गोळा करण्याचे काम येते. मालोलोसच्या शाळेवरच्या अटी आठवल्या तर ही थट्टा हवेतली वाटत नाही. त्याच कादंबरीतला सिमून मात्र या मुलांना वेड्यात काढतो. स्पॅनिश कधीही सगळ्या देशाची भाषा होणार नाही, ती मागून तुम्ही स्वतःची ओळख पुसता आहात, असे त्याचे म्हणणे. रिझालने दोन्ही बाजू एकाच पुस्तकात ठेवल्या आणि आपले मत कोणते, ते वाचकाला शोधायला लावले.

क्रांती झाली आणि सूड म्हणून स्पॅनिश हद्दपार होईल असे कोणालाही वाटले असते. झाले निराळेच. २१ जानेवारी १८९९ रोजी जाहीर झालेली पहिल्या प्रजासत्ताकाची राज्यघटना स्पॅनिशमध्येच लिहिलेली आहे, आणि ती झाली त्याच मालोलोसमध्ये, जिथे दहा वर्षांपूर्वी मुलींनी अर्ज दिला होता. तिच्या ९३ व्या कलमात देशातल्या भाषांचा वापर ऐच्छिक ठेवला असून सरकारी व न्यायालयीन कामासाठी तूर्त स्पॅनिश वापरावी असे म्हटले आहे. त्या ‘तूर्त’मध्ये व्यवहारज्ञान आहे. टागालोग, इलोकानो आणि विसाया भाषक क्रांतिकारकांना एकमेकांशी बोलायला दुसरी सामाईक भाषा त्या घडीला नव्हती. स्पेनशी लढून झाल्यावर, कोणाच्या परवानगीची गरज उरली नसताना, फिलिपिनो लोकांनी ही भाषा स्वतःच्या सोयीसाठी उचलली, तो हा एकच क्षण. त्यांना ती शाळेत शिकवायला मात्र सवडच मिळाली नाही, कारण घटना जाहीर झाल्यानंतर दोन आठवड्यांत अमेरिकेशी युद्ध पेटले.

१० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केले होते. एप्रिल १९०० मध्ये अमेरिकी अध्यक्ष मॅकिन्ले यांनी फिलिपिन्सच्या कारभारासाठी नेमलेल्या आयोगाला दिलेल्या सूचनांत आरंभीचे शिक्षण लोकांच्या भाषेत द्यावे असे म्हटले होते खरे, पण त्याच सूचनांत इंग्रजीला सामाईक भाषा करण्याचा आग्रहही होता, आणि प्रत्यक्षात पहिले वाक्य विसरले गेले. २१ जानेवारी १९०१ रोजी, म्हणजे मालोलोसच्या घटनेला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, मंजूर झालेल्या ७४ क्रमांकाच्या कायद्याने सार्वजनिक शिक्षण खाते स्थापन केले आणि शक्य तितक्या लवकर सर्व सरकारी शाळांचे शिक्षण इंग्रजीवर उभे राहील असे ठरवले. ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाचे जहाज सुमारे ५०० अमेरिकी शिक्षक घेऊन मनिलाला लागले, आणि त्यावरून त्या शिक्षकांना आजही ‘थॉमसाइट’ म्हणतात. स्पेनने अडीच-तीनशे वर्षे टाळाटाळ करत जे केले नाही, ते अमेरिकेने पहिल्याच वर्षी करायला घेतले, आणि गोरगरिबांच्या मुलांनाही विनामूल्य राज्यकर्त्याची भाषा शिकवली. सरकारी शाळेतून स्पॅनिश अशी एका फटक्यात बाहेर पडली. ज्या शाळांत ती नीट आलीच नव्हती त्यांतून ती गेली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

इथे इतिहास एक गंमत करतो. शाळेतून गेलेली भाषा शाळेबाहेर फोफावली. १९०७ साली भरलेल्या पहिल्या फिलिपाइन असेंब्लीतली भाषणे स्पॅनिशमध्ये होत. न्यायालयात १ जानेवारी १९०६ पासून इंग्रजी येणार होती, ती मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली. वृत्तपत्रे, नाटके, सभा, प्रेमपत्रे स्पॅनिशमध्ये चालत. १९१० च्या दशकात पाहणीसाठी आलेल्या हेन्री जोन्स फोर्ड या अमेरिकी प्राध्यापकांनी अध्यक्ष विल्सन यांना कळवले की शाळांची आकडेवारी काहीही सांगो, व्यवहारात आणि समाजात सगळीकडे कानी पडते ती स्पॅनिश. स्पॅनिश वाङ्मयासाठीचा झोबेल पुरस्कार १९२० मध्ये सुरू झाला आणि स्पॅनिश भाषेची फिलिपिनो अकादमी १९२४ मध्ये स्थापन झाली. स्पेनच्या राज्यात जितके वाङ्मय झाले नाही तितके स्पेन गेल्यावर झाले. आता स्पॅनिश ही नव्या राज्यकर्त्याला न येणारी भाषा होती आणि तिच्यात अमेरिकेवर टीका करता येत होती. धर्मगुरूच्या पहाऱ्यातून सुटल्यावर ती लोकांना आपली वाटू लागली, हे माझे अनुमान आहे, पण त्या काळातल्या कवींचा आवेश पाहता ते फारसे चुकीचे नसावे.

हा बहर मात्र मुळाशिवायचा होता. १८८० आणि १८९० च्या दशकांत जन्मलेल्या पिढीने ही भाषा स्पॅनिश काळात किंवा त्यानंतर लगेच उचलली होती आणि तिच्या पाठीमागे येणारी मुले सरकारी शाळांत इंग्रजी कविता पाठ करत होती. स्पॅनिश माध्यम उरले ते खाजगी कॅथलिक शाळांत, म्हणजे फी परवडणाऱ्यांकडे, आणि तिथेही १९२१ मध्ये अमेरिकी जेझुइट आल्यावर मनिलाच्या आतेनेओसारख्या नामांकित संस्थेने इंग्रजीची वाट धरली. भाषेचा वर्ग ठरून गेला. सरकारी शाळेतला मुलगा इंग्रजी बोलू लागला आणि स्पॅनिश ही बड्या घरची, जमीनदारांची, पांढऱ्या लिनन सुटातल्या आजोबांची भाषा झाली. १९३५ च्या घटनेने इंग्रजीच्या जोडीने तिला अधिकृत भाषेचा मान दिला, १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून टागालोगची निवड झाली, आणि १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले, तेव्हा इंत्रामुरोस आणि एर्मिता या स्पॅनिशभाषक वस्त्या जवळपास नष्ट झाल्या. घरी स्पॅनिश बोलणारी कुटुंबे मेली, विखुरली किंवा परदेशी गेली.

आणि नेमकी त्यानंतर सक्ती आली. स्वातंत्र्यानंतरच्या संसदेत स्पॅनिशमध्ये वाढलेली शेवटची पिढी बसली होती. १९४९ च्या सोत्तो कायद्याने शाळांत स्पॅनिश ऐच्छिक विषय म्हणून ठेवला. १९५२ च्या मागालोना कायद्याने विद्यापीठ-महाविद्यालयांत तो अनिवार्य केला आणि १९५७ च्या क्वेन्को कायद्याने कायदा, वाणिज्य, परराष्ट्र सेवा, कला आणि शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी स्पॅनिशचे श्रेयांक २४ वर नेले. या मंडळींना केवळ जुन्या वैभवाची ओढ होती असे म्हणून त्यांना निकालात काढणे मला पटत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. देशाच्या अभिलेखागारातले स्पॅनिश काळाचे कागद, क्रांतीची पत्रे, पहिली घटना, रिझाल आणि त्याचा समकालीन लेखक मार्सेलो देल पिलार यांचे बहुतेक लेखन त्या भाषेत होते. १ जानेवारी १९३२ पासून लागू झालेली सुधारित दंडसंहिता मुळात स्पॅनिशमध्ये मंजूर झाली, आणि तिच्या इंग्रजी पाठात व मूळ पाठात फरक पडला तर न्यायालय आजही मूळ स्पॅनिश पाठ प्रमाण मानते. वकिलीच्या विद्यार्थ्याला ही भाषा यावी, यात हास्यास्पद काही नव्हते. १९५६ मध्ये रिझालच्या कादंबऱ्या काटछाट न करता शिकवण्याचा कायदा चर्चच्या कडव्या विरोधाला तोंड देऊन झाला, आणि त्यासाठी झगडलेल्या क्लारो रेक्टोसारख्या सिनेटरांना त्या कादंबऱ्या मूळ भाषेत वाचणारे तरुण हवे होते.

चूक उपायात होती. भाषा लहानपणी कानावर पडावी लागते, ती घरात किंवा गल्लीत कोणाशी तरी बोलावी लागते. इथे सरकारी प्राथमिक शाळेत तिचा मागमूस नाही, माध्यमिक शाळेत ती ऐच्छिक, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला अभियांत्रिकी असो की हिशेबशास्त्र, पदवी हवी तर क्रियापदांची रूपे पाठ करा, असा हुकूम. परीक्षा झाली की रूपे विसरायची. माझ्या सहकाऱ्यांच्या आठवणीतली स्पॅनिश ती हीच. एकाला वर्तमानकाळाची सहा रूपे एका दमात म्हणता येत होती, पण त्यांतले एकही वाक्यात घालता येत नव्हते. पाद्रे दामासोच्या अमलात गावची मुले जे करत होती तेच आता महाविद्यालयीन विद्यार्थी करत होते.

साठच्या दशकात राष्ट्रवादाची लाट उसळली तेव्हा विद्यार्थ्यांना हे ओझे दिसणारच होते. १९६७ मध्ये २४ श्रेयांकांचे १२ झाले. १९७३ च्या घटनेतून अधिकृत भाषा म्हणून स्पॅनिश वगळली गेली, मग राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी त्याच वर्षी १५ मार्चला हुकूम काढून काही मर्यादित कामांसाठी तिचे स्थान राखले, कारण जुने सरकारी दस्तऐवज अजून भाषांतरित व्हायचे होते. १९८७ च्या घटनेने तेही आवरले. फिलिपिनो आणि इंग्रजी अधिकृत ठरल्या आणि स्पॅनिशचे नाव अरबीच्या शेजारी, स्वेच्छेने व ऐच्छिक पातळीवर प्रोत्साहन देण्याच्या भाषांत गेले. महाविद्यालयांतली सक्ती संपली. त्यासाठी कोणी मोर्चा काढून रडले असेल असे वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मालोलोसला वीस मुली या भाषेसाठी गव्हर्नरापुढे उभ्या राहिल्या होत्या, हे त्या वर्षी कितीजणांना आठवले असेल, कोण जाणे.

सक्ती गेल्यावर मागणी पुन्हा उगवली, आणि ती अगदी वेगळ्या दिशेने आली. कॉल सेंटरच्या धंद्यात स्पॅनिश बोलणाऱ्याला इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा अधिक पगार मिळतो, हे मनिलातल्या तरुणांना चांगले ठाऊक आहे. नव्वदच्या दशकापासून तिथे इन्स्तितुतो सेर्व्हांतेस ही स्पॅनिश भाषा शिकवणारी संस्था आहे आणि त्याच्या वर्गांत मला भेटलेली मुले रिझालविषयी कमी आणि नोकरीविषयी जास्त बोलत. मला त्यात खटकण्यासारखे काही दिसले नाही, मीही काही रिझाल वाचण्यासाठी स्पॅनिश शिकले नव्हते. शिक्षण खात्याने २००९ च्या सुमारास निवडक सरकारी माध्यमिक शाळांत परकीय भाषांचा विशेष कार्यक्रम सुरू केला. त्यात आरंभी स्पॅनिश, फ्रेंच आणि जपानी होत्या, पुढे जर्मन, चिनी आणि कोरियनही आल्या. तीन शतके राज्य केलेली भाषा आता यादीतली एक परकीय भाषा आहे, जपानीच्या आणि कोरियनच्या ओळीत. शिकवणारे बहुतेक त्याच शाळांतले दुसऱ्या विषयांचे शिक्षक आहेत. त्यांनी प्रौढपणी, सुट्यांतल्या प्रशिक्षणवर्गांत ही भाषा शिकून घेतली आणि परत येऊन मुलांना शिकवायला सुरुवात केली. विषय ऐच्छिक आहे आणि मुले तो निवडून घेतात. सुमारे साडेचारशे वर्षांच्या या प्रवासात, १९४९ चा सोत्तो कायदा सोडला तर, सरकारी शाळेतल्या मुलाला स्पॅनिश घ्यायची की नाही हे कोणी विचारण्याची ही बहुधा पहिलीच वेळ असावी, म्हणून या छोट्या, अपुऱ्या योजनेविषयी मला १९५७ च्या भव्य कायद्यापेक्षा अधिक आदर वाटतो.

या सगळ्या इतिहासात एक शहर मात्र बसत नाही. दक्षिणेला मिंदानाओ बेटाच्या टोकाशी झांबोआंगा आहे. तिथे १६३५ मध्ये स्पॅनिशांनी किल्ला बांधला आणि किल्ल्याच्या आसऱ्याला जमलेल्या नाना बेटांवरच्या शिपाई, कारागीर आणि त्यांच्या कुटुंबांच्या बोलण्यातून पुढे चावाकानो तयार झाली. तिच्यातले बहुसंख्य शब्द स्पॅनिश आहेत, व्याकरण तिचे स्वतःचे आहे. लाखो लोक ती आज घरी, बाजारात, रेडिओवर बोलतात. ती कोणत्याही राजाज्ञेने शिकवलेली नव्हती. शाळेने तिच्याकडे उलट बिघडलेली स्पॅनिश म्हणूनच पाहिले, आणि मला पुण्यात ज्या कसोशीने क्रियापदांची रूपे शिकवली गेली तिच्यापुढे चावाकानोने ती सरळ गुंडाळूनच ठेवली आहेत.

२०१२ पासून देशभर पहिली काही वर्षे मातृभाषेत शिकवण्याचे धोरण लागू झाले आणि त्यासाठी निवडलेल्या भाषांत चावाकानोही होती. स्पॅनिश मुळाची भाषा सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षणाचे माध्यम म्हणून आली ती अशी, एकविसाव्या शतकात, मातृभाषेच्या दारातून. झांबोआंगातल्या मुलांसाठी त्या भाषेतली वाचनपुस्तके आणि गणिताच्या गोष्टी तयार कराव्या लागल्या, लेखनाचे नियम ठरवावे लागले, आणि एखादा शब्द स्पॅनिशप्रमाणे लिहायचा की उच्चाराप्रमाणे, यावर शिक्षकांत वाद झाले. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा कायदा अमलात आला. त्याने तिसरीपर्यंतच्या मातृभाषा माध्यमाची सक्ती काढली आणि माध्यम पुन्हा फिलिपिनो व इंग्रजीवर नेले. अपवाद एवढाच ठेवला, की वर्गातल्या सगळ्या मुलांची मातृभाषा एकच असेल तर तिथे ती माध्यम म्हणून ठेवता येईल. झांबोआंगात चावाकानो बोलणाऱ्यांच्या शेजारी तौसुग, सामा आणि विसाया बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि त्यांची मुले एकाच बाकावर बसतात. त्यामुळे असे एकभाषिक वर्ग शहरात किती निघतात, ते आता शाळाशाळांतून हजेरीपट घेऊन मोजावे लागणार आहे.